जिल्हाबंदीतला मामा

कामोठे गाव,
सोमवार, ३ मे २०२१

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी मेहुणा बाळाराम याचा, सहा फुटांचं अंतर राखून आणि मास्क नाकाच्या वर ठेवून, वाकून नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तिकडे आपली शुगर, शकूताईचे गुडघे आणि नवरीमुलीचा अशक्तपणा कसा आहे ते कळवावं. (आशालता रोज दुपारी शकूताईशी पाऊण तास फोनवर बोलते, त्यामुळे शुगर एकशे ऐंशी आहे आणि डावा गुडघा जास्त दुखतो हे मला ठाऊक आहे. पण ती बायकांची बातमी झाली. आपण स्वतः कळवलंत तर ती अधिकृत होईल.)

पत्र पाहून आपल्याला नवल वाटेल. दोन घरांत मिळून सात मोबाईल, मध्ये मोजून आठ किलोमीटर, आणि बाळूला हा पोस्टाचा धंदा कुठून सुचला? दाजी, दुसरा मार्गच ठेवला नाहीत. गेल्या मंगळवारी आपण मला घरच्या ग्रुपमधून काढलंत, बुधवारी माझा नंबर ब्लॉक केलात, गुरुवारी मी आशालताच्या फोनवरून लावला तर "आशा हाय तं बोलतंय, नाय तं ठेवतंय" असं म्हणालात आणि खरंच ठेवलात. स्वतः यावं तर मी कामोठ्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात, आणि आपण बेलापुरातल्या शहाबाजला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. चौतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची अकरा पनवेल डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या हद्दीवरून गाड्या सोडल्या. पण बहिणीचं घर परजिल्ह्यात आहे हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. पोस्ट मात्र अत्यावश्यक सेवेत मोडतं. म्हणजे मी येऊ शकत नाही, माझं अक्षर येऊ शकतं. म्हणून हा कागद.

आता आपण फोटोकडे येऊ. तो नाक्यावरचा फोटो, ज्यात मी हवालदाराच्या शेजारी अॅप्रन घालून उभा आहे आणि मागे लाडवांचा डबा उघडा आहे. त्याचा खुलासा करण्यासाठीच हे पत्र आहे. पण सरळ फोटोवर आलो तर आपल्याला निम्मं कळणार नाही, म्हणून सुरुवातीच्या थांब्यापासून निघावं लागेल.

पाडव्याच्या दिवशी 'पनवेल पंचक्रोशी चर्चा मंडळ' नावाच्या फेसबुकवरच्या ग्रुपात (सदस्य अकरा हजार, त्यातले बोलणारे चौदा) कुण्या बिचाऱ्याने विचारलं, की कुलदेवीचा नवस फेडायला घाटावर जायचं आहे, तर परवानगी लागते का. एवढाच प्रश्न. त्याला 'लागते' एवढं उत्तर पुरलं असतं. पण मी निवृत्त माणूस, सकाळचा चहा झालेला, आणि एसटीतून सुटल्यापासून कुणी मला काही विचारलेलं नव्हतं. मी त्याला नवसाची नैतिकता समजावून सांगितली. देव सर्वत्र आहे, त्याला जिल्हाबंदी लागू नाही, तेव्हा अशा काळात देवाने भक्ताकडे यावं, भक्ताने देवाकडे जाऊ नये. देवीला आपली गर्दी नको असते, आपला संयम हवा असतो. स्वतःच्या नवसापायी दुसऱ्याच्या घरात आजार नेणं हे पुण्य नव्हे, पाप. असं बरंच. अंगठ्याने लिहिलं, दीड तास लागला. खरं सांगतो दाजी, वाचून माझं मलाच पटलं.

त्याखाली पहिलंच उत्तर आलं ते 'निर्भीड पनवेलकर' या नावाने. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. उत्तर असं: काका, त्यांनी फक्त पासचं विचारलं होतं.

या एका वाक्याला एकशे दहा लोक हसले. (मोजता येतात. नावंही दिसतात. त्यात आपल्या बेलपाड्याच्या साडूंचं नाव होतं, ते मी लक्षात ठेवलं आहे.) तिथून जुंपली ती नऊ दिवस. मी म्हणायचं, नियम हाच आजचा धर्म. निर्भीडने म्हणायचं, नियम सरकारचा असतो, धर्म माणसाचा असतो, दोघांना एका दावणीला बांधू नका. मी म्हणायचं, देवळं बंद झाली म्हणून देव काही उपाशी नाही. निर्भीडने म्हणायचं, देव नसेल, पण देवळाबाहेरची फुलवाली आहे. मी पुराणातला दाखला द्यावा, त्याने स्वयंपाकघरातला द्यावा, आणि लोकांना का कोण जाणे, स्वयंपाकघरातला पटावा. वाद घालायची त्याची एक तऱ्हा होती. कितीही तापलेला असला तरी दुपारी चार ते पाच अगदी गप्प. (मीही त्या वेळात चहा घेतो, आशालतेचा चहा चारला असतो, त्यामुळे दोघांनाही उसंत मिळे.) पाच वाजले की पुन्हा ताजातवाना. त्याची मला शेवटी शेवटी कीवसुद्धा येऊ लागली. एवढं बोलायचं ज्याच्याकडे साठलेलं आहे, त्या माणसाचं घरी कुणी ऐकून घेत नसावं.

आणि हे सगळं मी नुसत्या हट्टाने केलं असं कृपा करून समजू नका. हिराजी घरत आपल्याला आठवत असेल, माझ्या गाडीवरचा ड्रायव्हर. मी कंडक्टर होतो तेव्हा पनवेल–महाड आम्ही नऊ वर्षं एकत्र केली, एका डब्यात जेवलो. गेल्या जुलैत तो एका लग्नाला जाऊन आला आणि बाराव्या दिवशी गेला. स्मशानात चौघांनाच परवानगी होती. मी चौथा होऊ शकलो असतो. पण ज्येष्ठांनी घराबाहेर पडू नये हा नियम काटेकोर पाळायचा म्हणून मी घरी बसलो, आणि तिघांनी त्याला खांदा दिला तेव्हा चौथा खांदा अॅम्ब्युलन्सवाल्याचा होता. ते मला त्याच्या बायकोने सांगितलं, रागाने नाही, नुसतं सांगितलं. तेव्हापासून मी नियमाचं जास्तच करतो, हे मलाही कळतं. नियम बरोबर नव्हता असं एकदा म्हटलं तर मी त्या दिवशी घरी का बसलो याला उत्तर राहत नाही. हे मी फेसबुकवर लिहिलेलं नाही. आपल्यालाच लिहितो आहे.

असो. गुरुवार, बावीस एप्रिल. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागणार असं जाहीर झालं आणि माझ्या बाजूला एकदम जोर आला. त्या संध्याकाळी निर्भीडने मला विचारलं, काका, तुमच्या स्वतःच्या घरचं कार्य असतं तर? आता आपल्या मनस्वीचं लग्न दोनदा पुढे गेलेलं. एकदा गेल्या मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात. आता ते दिवाळीनंतरच होणार असं आपणच मला मकरसंक्रांतीला म्हणाला होतात. त्या भरवशावर मी लिहिलं: माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न बेलापुरात असलं, तरी हा मामा जिल्ह्याची हद्द ओलांडणार नाही. नियम म्हणजे नियम. खाली नाव, गाव आणि 'निवृत्त वाहतूक नियंत्रक'. दोनशे चौदा लोकांनी अंगठा दाखवला. आयुष्यात दोनशे चौदा लोक माझ्याशी एकाच वेळी कधी सहमत झाले नव्हते, दाजी. डेपोत तर चारही होत नसत.

मी शपथ घेतली गुरुवारी आणि आपण तारीख काढलीत शुक्रवारी. जावईबापूंना बोटीवर जायचा निरोप आला, पंचवीस मेला जहाज सुटतं, तेव्हा सोळा तारखेला रविवारी लग्न. पंचवीस माणसं, दोन तास, सगळं नियमात. आशालतेने स्वयंपाकघरातून मला ओरडून सांगितलं. मी आनंदाने उठलो, पिवळ्या साडीची पिशवी कपाटातून काढली (ती मी गेल्या वर्षीच मार्चमध्ये पनवेलहून घेतली होती, मामाकडची पिवळी साडी उशिरा घेतली तर मनासारखा काठ मिळत नाही), आणि पिशवी हातात असतानाच मला माझं गुरुवारचं वाक्य आठवलं. मी ती पुन्हा कपाटात ठेवली.

शनिवारी सकाळी ते वाक्य घरच्या ग्रुपवर आलं. दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर मी त्याला बघून घेतलं असतं, पण टाकलं होतं मनस्वीने. खाली दोनच शब्द: मामा, खरंच?

इथे मी जे केलं त्याबद्दल आपल्याला जे बोलायचं ते आपण फोनवर बोललात ("तुजा नियम तुज्या घरान ठेव, आमचे पोरीला नको शिकवू") आणि ते बरोबरच होतं. मला 'नाही गं' एवढं लिहायचं होतं. पण ग्रुपात बत्तीस माणसं, वर माझं नाव-गावासकट वाक्य, आणि नऊ दिवस अंगठ्याला वादाची सवय लागलेली. पोरीने दोन शब्द विचारले आणि मी तिला परिपत्रक पाठवलं. तीन परिच्छेद, आदेशाचा क्रमांक आणि दिनांकासह. शेवटी असंही सुचवलं की मी व्हिडिओ कॉलवर उभा राहीन, भाव महत्त्वाचा, देह नव्हे. जिला अडीच वर्षांची असताना खांद्यावर बसवून डेपोतल्या सगळ्या गाड्यांच्या पाट्या वाचायला शिकवल्या, तिला. (माझं चुकलं.)

त्या व्हिडिओ कॉलवर तुमच्या गावच्या गुणाबाईने काय म्हटलं तेही माझ्यापर्यंत पोचलं. "मामा मोबाईलान उबा ऱ्हाईल, मंग पोरीला बोहल्याव आनाची कोनी? मोबाईलनी?" सगळं शहाबाज दोन दिवस हसत होतं म्हणे. बाईंचं चुकलं नाही. आपल्या लग्नात भटजीच्या आधी मांडवात लग्नगीतं गाणारी धवलारीण, आणि गुणाबाईची तर स्वतःचीच पद्धत. धवळे म्हणता म्हणता एकेका नात्याला मांडवातून हाक मारते, आणि ज्याला हाक मारली त्याने 'हा उबा!' म्हटल्याशिवाय पुढची ओळ घेत नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात आशालतेचा मामा कळंबोलीला लोखंडाच्या ट्रकांमागे अडकला होता, तेव्हा बाई सव्वा तास एकाच ओळीवर बसली होती. भटजी मुहूर्त टळला म्हणून कपाळाला हात लावून बसले. बाई म्हणाली, देवान्ला घाय नाय, तुमाला हाय. तेव्हा ती चाळिशीची होती, आता सत्तरीची आहे. कमी ऐकते आणि जास्त हट्टी झाली आहे.

रविवारभर मी विचार केला आणि सोमवारी एक निर्णय घेतला, जो मी घरात कुणाला सांगितला नाही. आमच्या खालच्या दुकानाचा परेशशेठ रोज सकाळी बेलापूरला कांदे-बटाटे पोचवतो. त्याच्या टेम्पोला अत्यावश्यक सेवेचा कागद आहे. मी ठरवलं, यायचं, मनस्वीच्या हातात साडी द्यायची, डोक्यावर हात ठेवायचा, 'परिपत्रक फाडून टाक' म्हणायचं आणि परतीच्या टेम्पोने यायचं. शपथेत 'लग्न' हा शब्द होता. लग्नाच्या आधी येण्याबद्दल मी काही लिहिलेलं नव्हतं. (असे बारकावे मी तिकिटावर वाद घालणाऱ्या प्रवाशांकडून शिकलो.) आशालतेने मनस्वीसाठी केलेल्या रव्याच्या लाडवांचा डबा फ्रीजवर होता, तोही घेतला. परेशशेठने मला दुकानातला अॅप्रन दिला आणि ताकीद दिली, की काका, तुम्ही हमाल आहात, तोंड उघडू नका, तुम्ही बोललात की आपण गेलो. मी पुढच्या सीटवर साडी मांडीवर आणि डबा पायात घेऊन बसलो. एकसष्ट वर्षांत मी एकदाही विनातिकीट प्रवास केला नव्हता, त्यामुळे खारघर येईपर्यंत माझा शर्ट भिजला होता.

बेलपाड्याच्या पुढे नाका. दाजी, तिथून आपलं घर जेमतेम दोन किलोमीटर. परेशशेठने कागद दाखवला, हवालदाराने मान हलवली, आणि मग वाकून माझ्याकडे पाहिलं. मास्क बाजूला करायला सांगितला. मी केला. त्याचे डोळे एकदम मोठे झाले. "गोवारी काका? नियम म्हणजे नियमवाले?"

दोनशे चौदांपैकी तो एक होता.

पुढचं मी लिहितो तितक्या शांतपणे घडलं नाही. त्याने मला उतरवून घेतलं, पण अटक म्हणून नव्हे, सत्कार म्हणून. इतर तिघांना बोलावलं. सगळ्यांना माझं वाक्य वाचून दाखवलं. म्हणाला, दिवसभर लोक आमच्याशी भांडतात काका, तुमच्यासारखं एक वाचलं की बळ येतं. पोराचे डोळे लाल होते, सलग सहावा दिवस ड्युटी, घरी लहान मुलगी, तिला महिनाभर जवळ घेतलेलं नाही. त्याला मी काय सांगू? की मीच चोरून चाललो आहे? त्याने आपणहून विचारलं, काका, इकडे कसे? आणि माझ्या तोंडून निघालं, की तुमचं काम कसं चाललंय ते बघायला आलो. अॅप्रन? स्वच्छतेसाठी. डबा? आता डब्याला दुसरं काय उत्तर असणार होतं! चोवीस लाडू होते. त्यांनी आधी हात धुतले, एवढं मी पाहिलं. आमचं बोलणं चालू असताना मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तेव्हा परेशशेठने मला डोळ्यांनीच रामराम केला आणि तो कांद्यांसह ठाणे जिल्ह्यात निघून गेला.

मग फोटो. फोटोत मी हसतो आहे असं आपल्याला वाटलं असेल. मी दात आवळलेले आहेत. फोटो काढून झाल्यावर त्याने मला सलाम केला, आणि मी मान ताठ ठेवून, जणू एवढ्याचसाठी आलो होतो अशा थाटात, पाठ फिरवून चालू लागलो. बेलपाड्यापासून कामोठ्यापर्यंत, भर एप्रिलच्या उन्हात, बगलेत साडी. सव्वा तास लागला. घरी पोचेपर्यंत फोटो सगळीकडे गेला होता: 'नाक्यावर येऊन लाडू वाटणारे, पण स्वतः हद्द न ओलांडणारे तत्त्वनिष्ठ गोवारी काका.' आठशे अंगठे. आणि त्याखाली निर्भीड पनवेलकर, ज्याने नऊ दिवस मला सोडलं नाही, त्याने फक्त एवढं लिहिलं होतं: हे लाडू नवरीचे होते ना? आता हे त्याला कुठून कळलं, देव जाणे. काही लोकांना अंदाज फार चांगला बांधता येतो.

दाजी, शकूताईने तो फोटो पाहिला आणि ती दिवसभर जेवली नाही, हे मला कळलं. भाऊ दारापर्यंत आला, पोरीचे लाडू परक्यांना वाटले आणि पाठ दाखवून गेला, असंच त्यात दिसतं. आपल्या जागी मी असतो तर मीही मला ब्लॉक केलं असतं. पण खरं हे, की मी आपल्याकडेच येत होतो. एवढं शकूताईला वाचून दाखवा. बाकीचं गाळलंत तरी चालेल.

तर हा झाला खुलासा. त्यातून मला कुणाला काही मागायचं नाही. पंचवीसांची यादी भरली असेल, मला त्यात शिरायचं नाही, कुणाचं नाव माझ्यासाठी कापू नका. मी माझ्या तत्त्वाशी ठाम आहे. नियम चुकीचे नाहीत, माणसं गेली आहेत, आणि मामाच्या जागी बेलापूरचे आपले चुलतमामा उभे राहिले तरी शास्त्राला ते चालतं, मी पाहून ठेवलं आहे. मनस्वीला अनेक आशीर्वाद. गर्दी टाळा, हात धुवा, मंडपात पंखे मोठे लावा म्हणजे हवा खेळती राहील. ज्येष्ठांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि ब्लॉक काढायची घाई नाही, सवडीने काढा.

आपला आज्ञाधारक,
बाळू
(बाळाराम गोवारी, नि. वा. नि.)

ता. क. – ई-पासच्या अर्जात कारणांच्या यादीत लग्न आहे असं सहज पाहताना आढळलं. म्हणजे रीतसर पास काढून हद्द ओलांडली तर ती नियमाच्या आतच ओलांडल्यासारखी होते, आणि माझं वाक्य मोडत नाही, फार तर वाकतं. अर्ज मी चार वेळा भरला. प्रत्येक वेळी शेवटी लग्नपत्रिका जोडा म्हणून अडतो. आम्हाला पत्रिका आली नाही. (तक्रार नाही.) छापली असेल तर एक फोटो आशालतेच्या नंबरवर पाठवावा. पत्रिकेत मामा म्हणून कुणाचं नाव छापलं आहे ते मी पाहणार नाही, नुसती जोडेन.

ता. क. २ – काल आरटीपीसीआर करून घेतली. नाकात काडी फार आत घालतात. निगेटिव्ह. लग्नाच्या आधी पुन्हा करीन. कशासाठी, असं विचारू नका.

ता. क. ३ – बेलापूरचे चुलतमामा गुडघ्याने आणि पाठीने दोन्हीकडून गेलेले आहेत. ते मनस्वीला बोहल्यावर कसे आणणार? तिला आणायचं तर खांदा लागतो, आणि हा खांदा तिच्या ओळखीचा आहे. शिवाय गुणाबाई मामाला हाक मारणार, आणि चुलतमामांनाही ऐकू कमी येतं. दोन बहिऱ्यांत आपले दोन तास कसे सरतील ते आपणच बघा. एक माणूस कमी करायचा झाला तर वाढप्याला करा, आशालता वाढेल. दाजी, मला येऊ द्या. हिराजीच्या वेळी मी घरी बसलो. पुन्हा नाही बसवत.

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

शकूताईंना आशालताचा नमस्कार.

पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून मी आधी वाचलं. दाजींना म्हणावं, आता राग सोडा. तुम्ही आठ दिवसांपूर्वी, रविवारी, मला पत्रिकेचा फोटो पाठवलात, त्यावरून मी अर्ज केला होता. पास शनिवारीच आला, दोघांचा, आमच्या गाडीच्या नंबरासकट. यांना अजून सांगितलेलं नाही. पत्रिकेत मामा म्हणून यांचंच नाव आहे हेही सांगितलेलं नाही. पत्र लिहून होऊ दे म्हटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे शब्द मी यांच्या हातचे पहिल्यांदा पाहिले, कंसात का होईना. दाजींना ती ओळ सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगा, मग कागद मनस्वीकडे द्या, तो तिचा आहे.

दुसरं असं, की ते निर्भीड पनवेलकर मीच. जास्वंद आमच्या गॅलरीतली आहे. एवढ्याशा घरात समोर बसून जे बोलता येत नाही ते स्वयंपाकघरातून लिहिलं की हे निदान वाचतात तरी, उत्तरही देतात. यांनी लिहिलंय की त्या माणसाचं घरी कुणी ऐकत नसावं. सगळ्या वादात तेवढं एकच यांचं अचूक निघालं. पण मी यांना घरच्या कार्यावरून डिवचलं नसतं तर ते वाक्य झालंच नसतं, तेव्हा निम्मी चूक माझी, कंसाशिवाय.

लाडू पुन्हा केलेत, यावेळी पन्नास. नाक्यावरच्या त्या पोरासाठी चोवीस वेगळे बांधलेत, त्याला पास दाखवून देईन म्हणते.

गेले आठ दिवस हे अंघोळीला गेले की आतून आवाज येतो. मी दाराशी उभी राहून ऐकते. पाणी चालू असतं, आणि हे मोठ्याने ओरडत असतात, "हा उबा! हा उबा!" गुणाबाईला सांगून ठेवा, बाई, जोरान हाक मार. मामा उबा हाय.